तुझ्या नावाचा नारळ

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. १२ नोव्हेंबर १९५३

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की तू हे पत्र चुलीत घालणार, हे मला ठाऊक आहे. घाल. पण त्याआधी एवढं वाच की आकाराम माझ्याकडे आहे आणि खुशाल आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो दारात उभा राहिला तेव्हा मी तुझ्या पोराला ओळखलंच नाही. मी पाहिलं होतं तेव्हा माझ्या कमरेला लागत होता. आता आमच्या दारातून त्याला वाकून आत यावं लागतं. "आत्ती, मी हंबीररावांचा आकाराम," एवढं म्हणाला आणि मी पिठाच्या हातांनीच त्याला जवळ ओढलं. तुला न विचारता पळून आलोय, हे त्यानं जेवण झाल्यावर सांगितलं, आधी नाही. ही हुशारी आपल्याच घराण्यातली.

उद्यमनगरात एका कारखान्यात तो लेथवर काम शिकतोय. यांच्या ओळखीनं लागलं. 'हे' म्हणजे कोण ते तुला सांगायला नको. तू ज्यांना 'चेंडूवाला' म्हणतोस तेच, गणपतराव. बघ, नवऱ्याचं नावसुद्धा घ्यायला लावलंस मला.

तू मला दार लावलंस त्याला आता आठ वर्षं होतील. का लावलंस ते मी विसरलेली नाही. आई अंथरुणाला खिळली होती, तू माणूस धाडलास, त्यानं यांना मैदानावर गाठून सांगावा दिला, आणि यांनी त्यांच्या टीमची फायनल संपेपर्यंत तो पोटात ठेवला. मी पोचले तेव्हा चिता विझली होती. तू दारातच म्हणालास, "चेंडूवाल्याच्या बायकोला ह्या घरात जागा न्हाय." दादा, तू दार लावून मोकळा झालास. मला त्याच माणसाला रोज भाकरी वाढायची होती. कुणाचा राग जास्त अवघड होता ते तूच ठरव.

असो. पोराची काळजी करू नकोस. उजव्या पायाचं नख तेवढं गेलंय, सायकल नवी आहे म्हणून. संध्याकाळी पेठेतल्या पोरांबरोबर जरा मोकळ्या हवेवर जातो. वहिनीला सांग, दूध भरपूर पितो.

तुझी असलेली-नसलेली बहीण,
बना

मंगळवार पेठ
ता. २१ डिसेंबर १९५३

दादा,

राधानगरीच्या गाडीतून तांदळाचं पोतं पोचलं. चिठ्ठी नव्हती. मी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून शोधली. नाही ते नाही. पण तांदूळ आले म्हणजे पत्र चुलीत गेलं नाही, एवढं मला कळलं.

पोतं देताना कंडक्टर म्हणाला, "राधानगरीचा वाघ तुमच्यातच हाय न्हवं, वैनी?" तेव्हा आता तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. कंडक्टरला कळलं म्हणजे तुमच्या स्टँडवरच्या चहावाल्यालाही कळलं असणार. सांगते.

सायकलवरून काही पडला नव्हता तो. आकाराम फुटबॉल खेळतो. चिंचेच्या तालमीच्या टीममधून, म्हणजे यांच्याच टीममधून.

मी खेळवला नाही, शपथ. दिवाळीत गल्लीतल्या पोरांचा चेंडू उडाला आणि भाऊबीजेच्या नव्या सदऱ्यात वर झेपावून आकारामनं डोक्यानंच तो विजेच्या तारेपलीकडे घालवला. हे समोर गिऱ्हाइकाला दूध मापत होते. माप तसंच हातात धरून रस्त्यावर गेले. "परत मार की रं," म्हणाले. त्यानं परत मारला. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढं काय होणार ते मला तिथंच कळलं.

तुला या पेठेचं वेड माहीत नाही. इथं प्रत्येक तालमीला कुस्तीचा हौदा आहे तशी फुटबॉलची टीमही आहे, आणि पोर जन्मलं की कुठल्या तालमीचं हे ठरलेलं. चिंचेच्या तालमीत आजवर पेठेबाहेरचा कुणी खेळला नव्हता. बैठक बसली, भांडणं झाली, शेवटी तालमीचे गुंडू वस्ताद म्हणाले, "भाचा म्हंजे घरचाच की. त्यात काय इचारायचं?" झालं.

पण तालमीत पोर घ्यायचं तर बापानं आणून सोडायचं असतं. बाप मारुतीपुढं नारळ ठेवतो, वस्ताद पोराच्या कपाळाला हौद्यातली माती लावतात, आणि मग ते पोर तालमीचं. पुढं सोडवायचं झालं तर बापाचाच दुसरा नारळ लागतो, इतर कुणाचा चालत नाही. तू नव्हतास. यांनी तुझ्या नावाचा नारळ ठेवला. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी खूप बोलले, पण मारुतीपुढचा नारळ उचलून कसा आणणार?

आता रोज खुराक चालू आहे. दूध, बदाम, अंडी, आठवड्याला बकऱ्याचा पाया. पेठेतली माणसं त्याला बघायला येतात. बाकीचे पायानं खेळतात, हा डोक्यानं खेळतो म्हणे. चेंडू हवेत असला की दोघातिघांच्या वर याचं डोकं दिसतं आणि पुढच्या क्षणी गोल. जिंकणाऱ्या टीमला ढाल मिळते, त्या ढालीच्या मॅचींत आजवर एकही हार नाही. तो कातड्याचा चेंडू मी एकदा हातात घेऊन बघितला. ओला झाला की भिजलेल्या घोंगड्याएवढा जड लागतो. माझं पोर तो कपाळावर घेतं.

मी मैदानावर जात नाही. माडीवर बसते. मैदानातली आरोळी आमच्या माडीपर्यंत येते. गोल झाला की हाणामारी झाली, हे आवाजावरून कळत नाही. तोवर मी जिन्याचा कठडा धरून बसलेली असते. आकाराम घरी येतो, "आत्ती, भूक लागलीया," म्हणतो, मग मी उठते.

तू रागावशील. रागाव, पण लिही.

बना

मंगळवार पेठ
ता. १८ जानेवारी १९५४

दादा,

काल दगडी तालमीबरोबर मॅच झाली. आपण जिंकलो. 'आपण' लिहून गेले बघ, चूक झाली. ते जिंकले.

आकारामला थोडं लागलं. फार नाही. चेंडूसाठी हा उडाला, त्यांचा एक धिप्पाड गडी उडाला, आणि डोक्यावर डोकं आपटलं. मी माडीवर होते. मला इतके दिवस आरोळीची भीती वाटायची. काल मैदान एकदम गप्प झालं. एवढी माणसं एकदम गप्प होतात तेव्हा काय वाटतं ते तुला कसं सांगू? मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले.

मग परत आरोळी आली. हा उठला होता. उठून गोलही मारला. संध्याकाळी खांद्यावरून वाजतगाजत घरी आणला, अंगभर गुलाल. हसत होता. मी गरम पाण्यानं तोंड पुसलं. कानातला गुलाल पुसताना फडकं जरा जास्तच लाल झालं. गुलालच असणार. एवढा उधळला होता की माझ्या चुलीतही पडला.

टेंगूळ आलंय, हळद लावलीय. जेवताना त्यानं मला विचारलं, "आत्ती, मॅच कवा हाय?" मी म्हटलं, "झाली की रं." तो म्हणाला, "व्हय व्हय." थोड्या वेळानं परत तेच विचारलं. हे हसले. म्हणाले, दमलाय.

दगडी तालमीच्या बाजूच्या गोलमागं टाचण्या टोचलेलं लिंबू सापडलं. त्याबरोबर सगळ्या पेठेला कारण कळलं. त्यांनी करणी केली! गल्लीच्या टोकाच्या धोंडुबाईला बोलावलं. तिनं मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. एवढ्या मिरच्या जळल्या, पण ठसका म्हणून आला नाही. धोंडुबाईनं कपाळाला हात लावला, "लई जबर लागलीया, बाई. पोराला उघड्यावर धाडू नगा."

खरं सांगते, मला बरं वाटलं. करणी असली तर उतरवता येते. दुसरं काही असलं तर काय करायचं, ते मला माहीत नाही.

वहिनीला हे वाचून दाखवू नकोस.

बना

मंगळवार पेठ
ता. १६ फेब्रुवारी १९५४

दादा,

मागच्या पत्रात मी 'थोडं लागलं' लिहिलं. ते खोटं होतं. लिहितानाच मला माहीत होतं.

आकाराम सकाळी उठला की ओकतो. उन्हात आला की डोळे मिटतो. परवा मी चहाची कपबशी पुढं केली, तर त्यानं कपाच्या शेजारी हात नेला, हवेतच बोटं मिटली, आणि मग माझ्याकडे बघून असा ओशाळला की मीच तोंड फिरवलं. कारखान्यातून त्याला घरी पाठवलं. लेथ चालू असताना तो भलतीकडेच बघत उभा होता, बोटं जायची वाचली. येताना रस्ता चुकला. कोल्हापुरात चार महिने राहिलेलं पोर, उद्यमनगरातून मंगळवार पेठेत येताना चुकलं. दुधाच्या गाडीवाल्यानं आणून सोडलं.

आणि या लोकांचा उपाय ऐक. वस्ताद म्हणाले, "चेंडूवरनं लागलंया, चेंडूनंच उतरंल." चेंडूला मारुतीचा अंगारा लावायचा आणि रोज सकाळी देवापुढं तो आकारामच्या कपाळावर टाकायचा, म्हणजे करणी उलटून ज्याची त्याला जाईल. रोज नेतात त्याला. मला आत जाता येत नाही. तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईमाणसानं पाय टाकायचा नसतो. मी चिंचेखाली दुधाची घागर घेऊन उभी असते आणि आतून चेंडूचा आवाज येतो. कपाळावर बसला की एक आवाज, जमिनीवर पडला की दुसरा. आता मला दोन्हींतला फरक कळतो. हा आवाज मला भांडी घासतानाही ऐकू येतो.

पहिले काही दिवस मीच त्याला पाठवलं. तेही सांगून टाकते. मलाही वाटलं, उतरेल.

मी यांना म्हटलं, डॉक्टरला दाखवूया. तर म्हणाले, "डॉक्टराकडं नेलं की गावभर झालं. वाघ आजारी हाय म्हटल्यावर दगडी तालमीतली पोरं त्याच्या डोस्क्यावरच येतील. फायनल होऊ दे, बना. मग मुंबईच्या डॉक्टराला दाखवू."

फायनल होऊ दे. हेच शब्द यांनी त्या वेळी स्वतःशी म्हटले असणार, तुझा सांगावा खिशात असल्यासारखा दाबून.  मी भांडले, खूप भांडले, मग परसात जाऊन बसले आणि तिथं मला सुचलं की तुला 'थोडं लागलं' लिहिणारी मी तरी कोण? मीही सांगावाच दाबला की. मला वाटलं होतं तू येशील, पोराला घेऊन जाशील, आणि मला परत मोकळं घर. चार महिने कुणी तरी मला "आत्ती, भूक लागलीया" म्हणत होतं. त्याच्यासाठी दाबला.

दादा, मला फार भीती वाटते. यांची नाही, पेठेची नाही. त्या पोराच्या डोक्यात काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही, याची.

बना

मंगळवार पेठ
ता. २२ मार्च १९५४

दादा,

हे पत्र टपालात टाकत नाही. कंडक्टरच्या हातात देते आणि तुझ्याच हातात द्यायला सांगते. नीट वाच.

माझ्या छातीत दुखतंय असं सांगून मी शनिवारी डॉक्टरकडे गेले. सोबत म्हणून आकारामला नेलं. आत गेल्यावर मीच दार लावलं आणि म्हटलं, डॉक्टर, मला काही झालेलं नाही, याला बघा. त्यांनी विजेरी डोळ्यावर धरली, एका डोळ्यावर, मग दुसऱ्यावर. परत पहिल्यावर. मग मलाच बोलावून दाखवलं. एका डोळ्यातली बाहुली बारीक झाली, दुसरी तशीच मोठी राहिली. त्यांनी त्याला डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. त्याचा तोलच गेला. मी धरला नसता तर टेबलावर पडला असता.

त्याला बाहेर बसवून ते मला म्हणाले, "डोक्याच्या आत रक्त साकळलेलं असावं. याला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्या, लवकर न्या. चेंडूला डोकं लावायचं नाही. धावायचंसुद्धा नाही." मी विचारलं, "आणि लावलं तर?" ते चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "बाई, तुमचं लेकरू का?" मी व्हय म्हटलं. "मग घरी ठेवा," म्हणाले.

रस्त्यात आकाराम माझ्या पाया पडला. भर रस्त्यात, दादा. "आत्ती, कुणाला सांगू नगंस. मुंबईच्या गिरणीचा माणूस आलाय. फायनल बघून मला नोकरीवर घेणार हाय, नुसतं खेळायची नोकरी! गावात मी कोण हाय? हंबीररावाचं थोरलं पोरगं. हितं मला बघाय माणसं दारात हुभी ऱ्हात्यात."  खोटं थोडंच बोलत होता?

तरी मी घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. डोळ्यांतल्या बाहुलीचं सांगितलं तेव्हा हे मटकन खाली बसले. हे वाईट माणूस नाहीत. तुला पटायचं नाही, पण नाहीत. आकाराम निजला की त्याच्या पायाला तेल लावतात हे मी बघितलंय. खाली बसूनच म्हणाले, "माझ्या हातात न्हाय आता. नारळ ठेवलाय. पेठंला काय सांगू? बायकू डॉक्टराकडं गेलती म्हणून?" मी वस्तादांच्या घरी गेले. त्यांनी बसायला पाट दिला, चहा दिला आणि म्हणाले, "बनाबाई, डॉक्टरास्नी करणी दिसत न्हाई. बापानं सोपवलंया पोरगं. बाप येऊन न्हेऊ दे, मी एक सबुद बोलणार न्हाई."

तेव्हा आता सगळं तुझ्यावर आहे. फायनल येत्या रविवारी, दगडी तालमीबरोबर. पेठेत आतापासून पताका लागल्यात. माझ्या दारावरून जाताना बायका विचारतात, "वाघ काय खातोय?" आणि मी सांगते, पाया खातोय. रात्रंदिवस माझ्या डोळ्यांपुढं एकच येतं, तो हवेत आहे आणि खाली कुणी नाही.

माझ्या घरात येऊ नकोस. पाणीसुद्धा पिऊ नकोस. स्टँडवरून तालमीत जा, नारळ ठेव, पोराचा हात धर आणि परत जा. मला तोंड दाखवू नकोस, चालेल. पण ये.

बना

मंगळवार पेठ
ता. ६ एप्रिल १९५४

दादा,

तू आला नाहीस. शनिवारी संध्याकाळच्या गाडीतून कंडक्टरनं फडक्यात बांधलेलं काहीतरी आणून दिलं. मी सोडलं तर नारळ. शेंडी राखलेला, हळद-कुंकू लावलेला. आत चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी कंडक्टरला विचारलं, "काय म्हणाले?" तो म्हणाला, "काय न्हाय. हातात दिला आणि वळून गेले. डोळं लाल हुतं."

आठ वर्षांत तुझं पहिलं उत्तर. इथवर यायला तुझे पाय बांधले होते का रं? पण तू नारळ दिलास. त्यासाठी जन्मभर तुझ्या पाया पडेन, आणि आला नाहीस म्हणून जन्मभर बोलेन.

आता जे झालं ते सांगते, कारण आता तुला उठावंच लागणार आहे.

रविवारी सकाळी सगळी टीम तालमीत होती. पायाला पट्ट्या बांधत होते. मी डोक्यावरून पदर घेतला, पदराखाली नारळ घेतला आणि चिंचेखाली न थांबता पुढं गेले. उंबऱ्यावर कुणीतरी ओरडलं, "ओ मावशी, कुठं?" मी आत पाय टाकला. ती माती इतकी मऊ असते हे मला माहीत नव्हतं. सगळे उठून उभे राहिले. मी नारळ पुढं धरला आणि म्हटलं, "हंबीररावांचा नारळ हाय. पोरगं सोडा." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. 

एक जण म्हणाला, "बाप कुठाय?" दुसरा म्हणाला, "दगडी तालमीनं धाडलंय हिला."  वस्तादांसकट सगळ्यांनी यांच्याकडे बघितलं. यांनी नुसतं एवढं म्हणायचं होतं की हा हंबीररावांचा नारळ नाही, बायकोनं बाजारातून आणलाय. सगळ्यांनी मानलं असतं आणि ढाल पेठेत आली असती. हे पुढं आले. माझ्या हातातून नारळ घेतला, शेंडीकडे बघितलं, आणि मारुतीपुढं नेऊन ठेवला. "हंबीररावांचाच हाय," म्हणाले. वस्तादांनी तो फोडला. तेवढ्यावर आकाराम तालमीचा राहिला नाही.

आकाराम माझ्याकडे बघत होता. पायाला अर्धी पट्टी बांधलेली, अर्धी जमिनीवर लोळत होती. "आत्ती, तू मला मारलंस," म्हणाला. तोंडावर म्हणाला, सगळ्यांसमोर.

टीम फायनल एका गोलनं हरली. पेठेनं आमच्याकडचं दूध बंद केलं. नळावर मी गेले की बायका घागरी उचलतात. दारावर शेण पडलं, ते मी धुतलं. हे तालमीत जात नाहीत, कुणी बोलावतही नाही. गोठ्यात बसतात. पण माझ्याकडे रागानं बघितलं नाही. या सगळ्याचं मला काही नव्हतं. पोर अंथरुणावर होतं, भिंतीकडे तोंड करून का होईना, पण जिवंत होतं. त्याचा राग जरा निवला आणि पाडवा झाला की मिरजेला न्यायचं ठरवलं होतं. यांनी गाडीची चौकशीही केली होती.

काल सकाळी मी गोठ्यातून आले तर अंथरूण मोकळं. कपडे नाहीत. धोंडुबाई म्हणाली, गल्लीच्या टोकाला तिला भेटला, पाया पडला. म्हणाला, "आत्तीला सांगा, परळला गिरणीत चाललोय. त्या सायबानं आधीच्या मॅची बघितल्यात, फायनल नसली तरी घेतो म्हणालाय. येत्या ऐतवारी माझी पहिली मॅच हाय." हसत होता म्हणे. आणि डाव्या हातानं भिंत धरून चालत होता.

दादा, तिथं त्याला कुणी ओळखत नाही. तो उडणार, चेंडूला डोकं लावणार, लोक आरोळी मारणार. मी माडीवर नसेन, चिंचेखाली नसेन. इथं मला निदान आवाज तरी येत होता.

मी गिरणीला तार करायला गेले होते. पोस्टाच्या खिडकीशी उभी राहिले. बाबूनं विचारलं, "काय लिहू?" मी काय सांगणार? पोराच्या डोक्यात रक्त साकळलंय, घेऊ नका? मग त्याची नोकरी गेली, नाव गेलं, आणि तो परत कुठल्या तरी मैदानावर जाणार, जिथलं नावही मला माहीत नसेल. आणि नाही सांगितलं तर? माझ्या मागं माणसं ओळीत उभी होती. बाबू म्हणाला, "बाई, बाजूला व्हा." मी बाजूला झाले आणि घरी आले.

आत्याच्या तारेनं तो परत यायचा नाही. बापाचा नारळ त्याला खेळातून सोडवतो, पण त्याच्या हट्टातून फक्त बाप सोडवील. तुला समोर बघून तो रडेल. तो लहान असताना तुझ्या आवाजानं ओक्साबोक्शी रडायचा आणि मग तुझ्याच मांडीवर निजायचा. त्याला घेऊन सरळ मिरजेला जा. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी वेगळ्या कागदावर लिहिलंय, तो दाखव. गिरणीचा पत्ताही त्याच कागदावर आहे, यांनी मिळवला. हे इथल्या स्टँडवर तुमच्या गाडीची वाट बघत उभे असतील. म्हणाले, "मी संगट येतो. मला बघून हंबीरराव थुंकले तरी चालंल." त्यांच्याशी बोलू नकोस हवं तर. पण त्यांना मुंबई माहीत आहे, तुला नाही.

आज मंगळवार. पुण्याला गाडी बदलावी लागते.

दादा, उत्तर लिहीत बसू नकोस. हे वाचून झालं की तसाच निघ.

बना